तेहतीस नंबर खेळ, चौतीस नंबर जुगार

“अगं बाई, आमचा नातू सरकार चालवायलाय. तालुक्याचं नाई, जिल्ह्याचं नाई. अख्ख्या आकाशगंगेचं!”

काकूंनी हे सांगितलं ते भिंतीवर सूप टेकवून. आमच्या दोन घरांमधली कंपाउंडची भिंत छातीएवढी आहे. सूप ठेवायला बरोबर, नजर चुकवायला अपुरी. काकूंचं माहेर देगलूरकडचं, मुलगा नोकरीला नांदेडात, आणि नातू २०२५ च्या दिवाळीच्या सुट्टीत लातूरला आलेला. दहावी झाली की शिकवणीसाठी तो इथेच येणार, हे त्याच्या जन्माआधीच ठरलेलं असावं. तेव्हा तो लॅपटॉपवर एक खेळ रचत होता. त्यात ढिगानं ग्रह, प्रत्येक ग्रहाचा संघ, संघांच्या लीग, लीगवर पैसे लावणारी जनता, आणि या सगळ्यांच्या डोक्यावर एक सरकारी मंडळ. जुगारावर नजर त्याचीच, खेळावरही त्याचीच.

“मला विचारायलाय, आजी, मंडळात कोणकोणती खाती ठेवू? म्या म्हणलं, मला काहून विचारतूस? तुझ्या आजोबाची उभी नोकरी कोर्टात गेली, त्यांना विचार.”

ओट्यावर पेपर घेऊन बसलेले काका पेपर खाली न करता म्हणाले, “आधी त्याला हे विचारा, तिकडं रमी कशात धरतात? खेळात का जुगारात?”

“रमी म्हंजे रमी. त्यात काय धरायचं?”

“मग लिही म्हणावं मंडळ. एका दिवसात बंद पडतंय.”

काका पेशकार म्हणून निवृत्त झाले. तिर्रटचे खटले त्यांनी इतके पाहिलेत की पंचनामा त्यांना आरतीसारखा तोंडपाठ आहे. सुरू झाले की थांबत नाहीत: लिंबाच्या झाडाखाली, सार्वजनिक जागी, गोलाकार बसून, विनापरवाना, बेकायदेशीररीत्या, पैशावर पैज लावून तिर्रट नावाचा जुगार खेळत व खेळवत असताना मिळून आले. मुद्देमाल म्हणजे बावन्न पत्ते, रोख रक्कम, मोबाइल आणि मोटारसायकली. गाव बदलायचं, तारीख बदलायची, लिंबाऐवजी कधी बाभूळ. बाकी मजकूर तोच. आरोपी यायचे, गुन्हा कबूल म्हणायचे, दंड भरायचे आणि बाहेर टपरीवर चहा प्यायचे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, अशा केसेसचा हंगाम. कायदा कोणता, तर १८८७ चा, मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा. राणी व्हिक्टोरियाच्या राज्यातला.

“पण त्याच कायद्यात कलम तेरा आहे,” काका म्हणाले. “निव्वळ कौशल्याचा खेळ असेल तर हा कायदा त्याला हात लावत नाही. म्हणजे पोलिसानं छापा घालायच्या आधी ठरवायचं, समोरच्याला अक्कल आहे का नशीब.”

“तिर्रट खेळणाऱ्याला दोन्ही नसतंय,” काकूंनी सूप पाखडलं.

आता इथे मला एक सांगितलंच पाहिजे, कारण ते आपल्या भागाचं आहे आणि आपल्याच भागात कुणाला ठाऊक नसतं. रमी हा कौशल्याचा खेळ आहे, असं गेल्या काही वर्षांत मोबाइलवरच्या प्रत्येक जाहिरातीत ऐकू यायचं. हा दाखला कुठून आला? सिकंदराबादच्या क्रेसेंट रिक्रिएशन क्लबमधून. १९६३ साली तिथे पोलिसांनी धाड घातली, पैसे लावून रमी खेळणारे सापडले, खटला चालला. आणि तो चालला निजामाच्या जुगार कायद्याखाली, फसली सन १३०५ च्या. इंग्रजी हिशेबात १८९५-९६ च्या सुमाराचा. म्हणजे नांदेड आणि आजचा लातूर जिल्हा हैदराबाद संस्थानात असताना इथल्या पत्त्यांवर ज्या कायद्याचा पहारा होता, तोच. आंध्र सरकार हट्टानं सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि हरलं. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी निकालात लिहिलं, त्याचा मथितार्थ असा: रमीत पडलेली पानं लक्षात ठेवावी लागतात, कोणतं धरायचं आणि कोणतं टाकायचं याला डोकं लागतं, तीन पत्त्यांच्या खेळासारखा तो निव्वळ नशिबाचा नाही. हा निकाल नोव्हेंबर १९६७ चा. पण त्यातच त्यांनी हेही म्हटलं होतं की क्लबचा मालक त्या खेळातून नफा काढत असेल, तर गोष्ट वेगळी.

पहिलं वाक्य जाहिरातीत आलं. दुसरं कुठे आलं नाही.

“तीन पत्त्यांचा म्हंजे आपलं तिर्रटच की!” काकू हरखल्या. “सुप्रीम कोर्टात आपलं तिर्रट जाऊन आलं?”

“जाऊन आलं आणि हरून आलं,” काका म्हणाले.

काकूंच्या भाच्याचा किस्सा तेव्हाच निघाला. हा धर्माबादचा. दुकान, बायको, दोन लेकरं, आणि फोनवर रमी. तेलंगणानं २०१७ सालीच ऑनलाइन रमी बंद केली होती. कौशल्याची सबबच कायद्यातून काढून टाकली. तेव्हा हा गडी रेल्वेनं बासरला सरस्वतीच्या दर्शनाला निघाला, हातात फोन, हातात चांगली पानं, दोन सिक्वेन्स लागलेले. राज्याची हद्द ओलांडली आणि फोननं सांगितलं, तुमच्या राज्यात हा खेळ खेळता येत नाही. बायको म्हणाली, देवी पावली. तो म्हणाला, माझी पानं चांगली होती गं! परत येताना धर्माबादचं स्टेशन दिसेपर्यंत त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता.

“आता सांग,” काकूंनी मला विचारलं, “बासरात ज्याला जुगार म्हणायचे त्याला धर्माबादेत हुशारी म्हणायचे. माणूस एकच, फोन एकच, डब्बा एकच. मग आमच्या पोराच्या आकाशगंगेत ह्या ग्रहावरून त्या ग्रहावर जाताना काय व्हईल?”

काकांनी आता पेपर खाली ठेवला. राज्यघटना हा त्यांचा हुकमाचा एक्का. सातव्या अनुसूचीतल्या राज्यसूचीत तेहतीस नंबरच्या नोंदीत नाटक-सिनेमांबरोबर खेळ आणि करमणूक येते, आणि लगेच चौतीस नंबरला पैजा व जुगार. “एकाला एक लागून. तुमच्या आमच्यासारखे शेजारी, फक्त मधी भिंत नाही.” दोन्ही राज्याच्या हातात. लॉटरीची गोष्ट वेगळी, सरकारनं काढलेली लॉटरी केंद्राच्या यादीत.

“भिंत नसली की शेजाऱ्याची कोंबडी ह्या अंगणात येणारच,” काकू म्हणाल्या आणि माझ्याकडे पाहिलं. आमच्याकडे कोंबड्या नाहीत. पण मांजर आहे.

मग जुलै निघालाच. जुलै २०२५ लातूरकर विसरणं शक्य नाही. त्या महिन्यात दोन व्हिडिओ राज्यभर फिरले. एक आपल्या अहमदपूर तालुक्यातल्या हाडोळतीचा: बैल परवडत नाही म्हणून म्हाताऱ्या शेतकऱ्यानं औताला स्वतःला जुंपलेलं आणि मागे त्याची बायको. दुसरा विधान परिषदेच्या सभागृहातला: कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांच्या हातात मोबाइल, मोबाइलवर पत्त्यांचा खेळ. तो रोहित पवारांनी समोर आणला. कोकाटे म्हणाले, मी खेळत नव्हतो, ते आपोआप उघडलं, मी ते बंद करत होतो. खरंखोटं त्यांचं त्यांना माहीत. पण त्याच दिवशी, २० जुलैला, कोकाटेंच्याच पक्षाचे प्रदेशाध्यक्ष सुनील तटकरे लातुरात पत्रकार परिषद घ्यायला बसले होते. छावा संघटनेची पोरं निवेदन घेऊन आली आणि त्यांच्यासमोर टेबलावर पत्त्यांचा कॅट उधळला. नंतर त्या पोरांना मारहाण झाली, लातुरात वातावरण तापलं, मारणाऱ्यांत पक्षाच्या युवक आघाडीचे प्रदेशाध्यक्ष होते म्हणून दुसऱ्या दिवशी अजित पवारांनी त्यांचा राजीनामा मागितला.

“म्हंजे बघ,” काकू हिशेब मांडू लागल्या. “ज्यानं पत्ते खेळल्याचा आरोप झाला तो मंत्री राहिला. ज्यानं पत्ते फेकले त्याला मार बसला. ज्यानं मारलं त्याचं पद गेलं. अन् पत्त्यांचं काय झालं?”

“मुद्देमाल म्हणून जमा व्हायला पाहिजे होते,” काका म्हणाले. “एक्कावन्न भरले असते. एखादं पान नक्की टेबलाखाली राहिलं असणार.”

३१ जुलैच्या रात्री खातेबदल झाला. कृषी खातं दत्तात्रय भरणे यांच्याकडे, आणि कोकाटे यांच्याकडे क्रीडा व युवक कल्याण. त्यावरचा विनोद अख्ख्या महाराष्ट्रानं दुसऱ्या दिवशी सकाळीच करून टाकला, तो इथे परत करण्यात अर्थ नाही. काकूंना तो विनोद आवडलाही नव्हता. त्यांचं म्हणणं वेगळंच होतं: “शिक्षा म्हणून खेळाचं खातं देतेत, म्हंजे सरकारच्या लेखी खेळाची किंमत काय ती कळली. अन् ऐन खरिपात सोयाबीनचा मंत्री बदलला, त्याचं कुणाला काय? हाडोळतीचा म्हातारा त्या पंधरवड्यात कोणत्या मंत्र्याला फोन लावणार होता?”

हे बोलताना त्यांच्या आवाजात चेष्टा नव्हती. त्यांची देगलूरकडची जमीन ऑगस्टातल्या पावसात पाण्याखाली गेलेली. ते मी विचारत नाही, त्या सांगत नाहीत.

लॅपटॉपवाला मध्येच येऊन विचारून गेला, मंडळाचा अध्यक्ष निवडून आलेला ठेवू का नेमलेला? काका म्हणाले, “नेमलेला. पण दोन टोप्या घालणारा नको.” आणि त्याला आदल्याच महिन्यातला आशिया चषक सांगत बसले. पाकिस्तानच्या क्रिकेट मंडळाचे अध्यक्ष मोहसीन नक्वी, आशियाच्या क्रिकेट परिषदेचे अध्यक्षही तेच, वर पाकिस्तानचे गृहमंत्रीही तेच. २८ सप्टेंबरला आपण अंतिम सामना जिंकलो, आपल्या संघानं त्यांच्या हातून चषक घ्यायला नकार दिला, आणि चषक मैदानावरून निघून गेला. जिंकणारे रिकाम्या हातांनी फोटो काढून आले. आपल्याकडे लोढा समितीनं २०१६ साली हेच तर लिहून दिलं होतं, मंत्र्यानं क्रिकेट मंडळात बसू नये. ती समिती कशामुळे नेमावी लागली? २०१३ च्या आयपीएलमधल्या सट्टा आणि फिक्सिंगच्या प्रकरणामुळे. चेन्नई आणि राजस्थानचे संघ दोन वर्षं बाहेर बसले. आणि त्याच समितीनं शिफारस केली होती की क्रिकेटवरचा सट्टा कायदेशीर करून त्यावर नियंत्रण ठेवा. २०१८ मध्ये विधी आयोगानंही आपल्या २७६व्या अहवालात म्हटलं, बंदी जमत नसेल तर नियमन हाच मार्ग उरतो. म्हणजे नातवाचं मंडळ आकाशगंगेतून नव्हे, दिल्लीच्या कपाटातून निघालेलं आहे. अहवाल अजून तिथेच आहे.

“कपाटावरून आठवलं,” काका म्हणाले, “आपल्या महाराष्ट्रानं १९७६ साली कॅसिनोचा कायदा केला होता. परवाने, कर, सगळं लिहून. तो कधी लागूच केला नाही. सत्तेचाळीस वर्षं तसाच. २०२३ मध्ये रद्द केला.”

“म्हंजे कधी न झालेल्या लग्नाचा घटस्फोट,” काकू म्हणाल्या. यावर काकासुद्धा हसले, आणि ते काकूंच्या विनोदाला सहसा हसत नाहीत.

२०२५ च्या ऑगस्टात दिल्लीनं दोन कायदे एका महिन्यात केले, आणि नातवाच्या मंडळाचे दोन्ही हात तयार झाले. एक राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा: क्रीडा संघटनांवर एक बोर्ड, भांडणांसाठी एक न्यायाधिकरण. दुसरा ऑनलाइन गेमिंगचा. लोकसभेत २० ऑगस्टला, राज्यसभेत २१ ला, राष्ट्रपतींची सही २२ ला. एवढ्या वेगात आमच्या गल्लीत नळही येत नाही. पैसे लावून खेळायचा कोणताही ऑनलाइन खेळ बंद, मग तो कौशल्याचा असो की नशिबाचा. साठ वर्षांचा रमीचा वाद एका वाक्यात निकाली. खेळवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं, पन्नास लाख. खेळणाऱ्याला शिक्षा नाही.

ही शेवटची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. मी बँकेत होते, काउंटरवर. शिकवणीला आलेल्या पोरांची खाती मी पाहिलेली आहेत. मुखेडकडून, कंधारकडून, निलंग्याकडून बाप महिन्याच्या सुरुवातीला मेसचे पैसे टाकतो आणि मग रात्री अकरानंतर रकमा जायला लागतात: पन्नास, शंभर, पन्नास, दोनशे. पासबुक छापायला आलेला बाप ते पान बोटानं वरून खाली वाचतो आणि विचारतो, मॅडम, हे कशाचं? त्याला मी काय सांगायचं? क्रिकेटच्या अकरा खेळाडूंची टीम, म्हणजे खेळच की. जिच्या नावावर हे पैसे जायचे ती कंपनी तर भारतीय संघाच्या छातीवर होती. पोरानं बापाला तेच सांगितलं असणार.

लिंबाखालच्या तिर्रटवाल्याची मोटारसायकल जप्त आणि छातीवरच्या नावाला टाळ्या. दोघांच्या खेळात अक्कल किती आणि नशीब किती, हे मी मोजू शकत नाही. पण पोलिसाची गाडी कुणाच्या दारात थांबते, हे लिंबाला कळतं आणि स्टेडियमला कळत नाही, एवढं खरं. आणि नव्या कायद्यानंही लिंबाखालचं काही बदललं नाही. तिथे अजून १८८७ च चालू आहे.

ऑगस्टातल्या कायद्यानंतर ड्रीम इलेव्हनचं नाव जर्सीवरून गेलं. आशिया चषकात आपली पोरं छातीवर फक्त ‘इंडिया’ लिहून खेळली आणि जिंकली. मग टायरवाली कंपनी आली, अपोलो. मार्च २०२८ पर्यंतचा करार.

“टायर बरं,” काकू म्हणाल्या. “पंक्चर झालं तर दिसतंय तरी.”

काकांचं लक्ष मात्र कराकडे. ऑक्टोबर २०२३ पासून सरकार या ऑनलाइन खेळांवर अठ्ठावीस टक्के जीएसटी घेत होतं, तेही जिंकलेल्या रकमेवर नाही, टाकलेल्या पूर्ण रकमेवर. ऑगस्ट २०२५ मध्ये खेळ बंद केला. आणि सप्टेंबरात जीएसटीचे नवे दर आले, त्यात लॉटरी, कॅसिनो, घोड्यांच्या शर्यतींच्या ओळीत ऑनलाइन पैशाचा खेळही चाळीस टक्क्यांत बसवलेला. “बंद दुकानाचं भाडं वाढवलं!” काकांनी मांडीवर थाप मारली. या आनंदात त्यांचा चहा गार झाला.

आमच्या राज्य सरकारची स्वतःची लॉटरी १९६९ पासून आहे, हे विसरून चालणार नाही. ती वित्त खात्याकडे. मटका गृह खात्याकडे, म्हणजे पोलिसांकडे. ई-स्पोर्ट्स दिल्लीच्या क्रीडा मंत्रालयाकडे, ऑनलाइन पैशाचा खेळ माहिती तंत्रज्ञानाकडे. नातवाला एवढी खाती पुरून उरतील.

“मटका लिही त्यात,” काकूंनी घरात ओरडून सांगितलं. “मटक्याशिवाय आकाशगंगा कशाची?”

मटक्याबद्दल काकूंना आदर आहे; खेळण्याबद्दल नव्हे, व्यवस्थेबद्दल. त्यांच्या माहेरच्या गल्लीत आकडा घेणारा एक म्हातारा पानपट्टीच्या आडोशाला बसायचा. चिठ्ठीवर पेन्सिलीनं ओपन, क्लोज, जोडी, पाना. बायका भाकरी थापताना स्वप्नात काय दिसलं ते एकमेकींना सांगायच्या. साप दिसला तर अमुक आकडा, मेलेली सासू दिसली तर तमुक. पुष्कळांना वाटतं कल्याण मटका म्हणजे कल्याण स्टेशनचा. तो कल्याणजी भगत या वरळीतल्या किराणा दुकानदाराच्या नावाचा. १९६२ मध्ये सुरू झालेला. त्याआधी लोक न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातून तारेनं येणाऱ्या भावांवर पैसे लावायचे. विचार करा, कापूस नांदेड-परभणीच्या काळ्या मातीत पिकायचा, भाव न्यूयॉर्कला फुटायचा आणि त्या भावाच्या शेवटच्या आकड्यावर मुंबईत गिरणी कामगाराचा पगार लागायचा. तारेचे भाव बंद झाले, मग मडक्यातून चिठ्ठ्या आल्या. १९६४ ला रतन खत्रीनं स्वतःचा मटका काढला आणि चिठ्ठ्यांच्या जागी पत्ते आले: तीन पानं काढायची, बेरीज करायची, शेवटचा अंक तो आकडा. तीन, सहा, आठ म्हणजे सतरा, म्हणजे सत्ता. खत्री २०२० च्या मे महिन्यात गेला, आणि काकूंच्या मते त्या दिवशी देशातल्या एका मोठ्या मंडळाचा अध्यक्ष गेला.

“अहो, हसू नका. लागलेला आकडा त्या म्हाताऱ्यानं बुडवल्याचं म्या कधी ऐकलं नाई. ना पावती, ना सही.”

“बुडवला असता तर वसूल कुठून करणार?” काका परत कोर्टात गेले. “करार कायदा १८७२, कलम तीस. पैजेचा करार रद्दबातल. जिंकलेली पैज कोर्ट वसूल करून देत नाही. घोड्यांच्या शर्यतीत पाचशे रुपयांचं किंवा त्याहून जास्त बक्षीस असेल तेवढंच काय ते सोडलंय. साहेबाचे घोडे होते ना! म्हणून मटक्यात इमान लागतं. कायदा पाठीशी नसला की माणसाला शब्द पाळावा लागतो.”

मला हे पूर्ण पटत नाही. इमानाच्या त्या व्यवस्थेनं पुष्कळ बायकांची मंगळसूत्रं सराफाकडे नेली आहेत. मी काउंटरच्या या बाजूला बसून त्यांची सोनेतारण कर्जं लिहिली आहेत. काकूंनाही ते माहीत आहे. पण भिंतीवर बोलताना माणूस थोडं पूर्वीच्या काळाच्या बाजूनं बोलतो.

मी विषय कुस्तीवर नेला, कारण पैसा उघड लागतो आणि कुणी लपत नाही असा खेळ आपल्याकडे तोच. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत दंगल पाहावी. लहान पोरांची कुस्ती रेवड्यांवर, मग नारळावर, मग वाढत वाढत हजारांवर. इनाम कुणाचं, किती, सगळं कर्ण्यावरून सांगतात. आखाड्याच्या कडेला बसलेला म्हातारा उठून आपल्या खिशातली नोट पोराच्या हातात देतो. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार अशाच मातीतून वर आले, १९६९ ला महाराष्ट्र केसरी झाले. १९७७ मध्ये बेळगावला त्यांनी दिल्लीच्या सतपालला हरवलं, त्याची गोष्ट अजून सांगतात. सांगणाऱ्यांपैकी निम्मे तेव्हा जन्मलेले नव्हते.

“त्या कुस्तीला मंडळ लागलं नाई,” काकू.

“पंच लागला,” काका. “आणि पंचाचं आज काय झालं? अहिल्यानगरला फेब्रुवारीत महाराष्ट्र केसरी झाली, शिवराज राक्षेनं पंचाला लाथ घातली. तीन वर्षांची बंदी. त्यानं घालायला नको होती, खरं आहे. पण पाठ टेकली होती का नाही, यावर गावोगाव अजून भांडणं चालू आहेत. आणि कुस्तीगीर संघटना म्हणाल तर खरी कोणती, यावरच कोर्टकज्जे झालेले. मल्ल एक, मंडळं दोन!”

“मंग पोराला सांगा, दोन मंडळं ठेव. एक खरं अन् एक जास्त खरं.”

नातू आता ओट्यावरच येऊन बसला होता आणि खरोखर टाइप करत होता. त्यानं विचारलं, मंडळाला पैसे कुठून येतात? तिघांनी एकाच वेळी उत्तर दिलं. मी म्हणाले करातून, काका म्हणाले दंडातून, काकू म्हणाल्या, “खेळणाऱ्याच्या खिशातून, अजून कुठून?” आणि मग त्याला समजावू लागल्या की ज्याच्यावर लक्ष ठेवायचं त्याच्याच पैशावर जगणारं मंडळ त्याला कधी पुरतं बंद करणार नाही, पुरतं मोकळंही सोडणार नाही; देगलूरच्या बाजारात तहबाजारीची पावती फाडणारा कसा रोज ओरडायचा, उद्यापासून इथं बसायचं नाही, आणि रोज पावती फाडायचा. पोरानं ते टाइप केलं की नाही माहीत नाही. त्यानं विचारलं, तहबाजारी म्हणजे काय?

इतक्यात गल्लीच्या टोकाकडून आरोळी आली, “पाणी आलं! पाणी आलं!” लातुरात या आरोळीपुढे राज्यघटना थांबते. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं हे गाव. इथं नळाची वेळ चुकवणारा माणूस शहाणा धरत नाहीत. काकू सूप तसंच टाकून आत पळाल्या, नातवाच्या हातात लॅपटॉपच्या जागी पाइप आला. मी वळले तर काका भिंतीशी उभे, चेहऱ्यावर निकाल वाचल्याचं समाधान.

“परवा काय ठरलं होतं? मी म्हणलं होतं शुक्रवारी येतंय, तुम्ही म्हणलात सोमवारशिवाय नाही. आज शुक्रवार. काढा दहा रुपये.”

“कलम तीस, काका,” मी म्हटलं आणि मोटर लावायला पळाले.